बुरशी आलेले शेंगदाणे

शेंगदाणे तोंडात टाकले की मला सुमनबाई आठवतात. मोर्शीला आमच्या शाळेत त्या पोरांचा स्वयंपाक करतात. एकदा चटणीसाठी आलेल्या शेंगदाण्यांवर हिरवी बुरशी निघाली.

"धुऊन भाजून घ्या, काई होत नाई," हेडमास्तर म्हणाले.

"भाजल्यानं वास जाते सर, जहर नाई जात. पोरायचं लिव्हर खराब करते ते," असं म्हणत बाईंनी अख्खं पोतं खड्ड्यात रिकामं केलं. कोणी उचलू नये म्हणून वरून फिनाईल ओतलं.

हेडमास्तर तापले. "उद्यापासून कामावर येऊ नका!"

बाईंनी पदराला हात पुसले. "नाई येत. पण कावून काढलं, थे कारन कागदावर लिहून द्या."

सरांनी पेन उघडलं, थोडा वेळ कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि पेन बंद केलं. दुसऱ्या दिवशी खिचडी बाईंनीच वाढली.