समासात काही लिहू नये

नोव्हेंबर होता की फेब्रुवारी, हे मी आता शपथेवर सांगू शकणार नाही... आयलीन, माझी बायको, म्हणते नोव्हेंबर, कारण मला खोकला होता. ती म्हणते म्हणजे तसंच असणार, माझ्या आठवणीवर मी स्वतःसुद्धा फारसा भरवसा ठेवत नाही... पण ते जाऊ दे! मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा, की एका जिवंत माणसाच्या जागी त्यांनी एक डबडं आणून बसवलं. आणि डबडं तरी कसलं? डबड्यातला नुसता आवाज! आणि कोणाच्या जागी? माझ्या!

तुम्हाला सांगतो, उत्तर आयर्लंडात अँट्रिमकडच्या आमच्या गावातल्या शाळेत मी एकतीस वर्षं लॅटिन शिकवलं. डॉक्टरेटही लॅटिनचीच, पण गावात सगळे 'डॉक्टर' म्हणतात, त्यामुळे खाटीक मला गुडघेदुखीवर औषध विचारतो, ते असो. निवृत्त झालो आणि मिसेस हेझलेट घरी आल्या. वाचताना ज्या मुलांची अक्षरं जागेवर राहत नाहीत, त्या मुलांचं सगळं शाळेत त्याच बघतात. म्हणाल्या, परीक्षेत अशा मुलांना प्रश्न वाचून दाखवायला माणूस लागतो, याल का? आलो. पण वाचून दाखवणं म्हणजे काय वाटलं तुम्हाला? नियम आहेत! मुलानं सांगितलं तेवढंच वाचायचं, सांगेल तितक्या वेळा वाचायचं, कुठल्याही शब्दावर जोर द्यायचा नाही, अर्थ सांगायचा नाही, भुवई उचलायची नाही. मी घरी दलियाच्या खोक्यावरचा मजकूर वाचून सराव केला. आयलीन म्हणाली, "दफनाला उभा असल्यासारखा वाचतोयस." म्हटलं, वा! हेच तर हवं! मग म्हणाली, "पण तुला दम लागतो का रे?" मी लक्ष दिलं नाही. बायका काळजी करतातच.

तर ब्रोना डेव्हलिन. सोळा वर्षांची, गाईगुरांच्या घरातली. चौदाव्या वर्षी अडलेलं वासरू कोपरापर्यंत हात घालून ओढून काढलेलं तिनं, पण 'प्रकाशसंश्लेषण' समोर आलं की पोरीच्या कपाळावर घाम. तिला जनावरांच्या दवाखान्यात परिचारिका व्हायचं होतं, आणि त्या अभ्यासक्रमाला विज्ञानात निदान 'सी' श्रेणी हवी. 'सी' नाही, तर प्रवेश नाही. बाप सरळ म्हणाला होता, नाही जमलं तर सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बस.

छोटी खोली, ब्रोना, मी, आणि दाराशी पर्यवेक्षक म्हणून विल्मा गिल्क्राइस्ट, पूर्वीची पोस्टमास्तरीण, मांडीवर वही. ब्रोना म्हणाली, प्रश्न चार पुन्हा वाचा सर. वाचला. पुन्हा. वाचला. सात वेळा, मोजून सात वेळा वाचला, आणि नियमाबाहेरचं एक अक्षर बोललो नाही! मग पाचवा चार वेळा. मग सहावा दोन वेळा. आणि नवव्यानंतर तिनं पुन्हा वाचायला सांगितलंच नाही! म्हटलं, पाहा, पोर सुधारली, एकदा ऐकून समजायला लागलं... विल्मा वहीच्या समासात उभ्या रेघा मारत होती, चार उभ्या, एक आडवी. म्हटलं, ब्रोना किती वेळा वाचायला सांगते ते मोजत असेल.

ब्रोना नापास झाली.

मी रात्रभर झोपलो नाही. जोर दिला गेला का कुठे? कमी पडला का? सगळ्याची उजळणी करून पाहिली... नाही हो. नियमाबाहेरचं एक अक्षर नाही! तरी गेलो मिसेस हेझलेटकडे, म्हटलं, जूनमध्ये पुन्हा बसेल तेव्हा आणखी सपाट वाचतो. त्या चहाच्या कपात बघत म्हणाल्या, "डॉक्टर, ब्रोनानं या वेळी संगणक मागितलाय."

मागितलाय! पोरीनं! स्वतःहून!

मग ते दाखवायला कंपनीचा एक जण आला, पांढरे बूट, हात चोळतोय. म्हणे, शब्द पिवळा होतो आणि आवाज तो वाचतो, मूल लिहायला लागलं की पुढचा शब्दही सुचवतो. म्हटलं, विचारही करतो का, की तेवढं मुलाकडे ठेवलंय? हसला. त्यांना हसायचं शिकवलेलं असतं. आणि तो आवाज! एक बाई, जिला जन्मात कधी भूक लागली नाही की सर्दी झाली नाही. स्वल्पविराम आला की पायरी चुकल्यासारखी अडखळते, आणि काय वाचावं, काय वाचू नये, याची शुद्ध नाही, पेपरच्या कडेला छापलेली सूचनाही प्रश्नात मिसळते! "वनस्पतीच्या पानातील या समासात काही लिहू नये पेशींची नावे या समासात काही लिहू नये लिहा." कोऱ्या पानावर आली तर गंभीरपणे सांगते, "हे पान कोरे आहे." हिच्या हाती त्या पोरीचं आयुष्य द्यायचं?

मी ब्रोनाला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, बाळ, ते यंत्र मूर्ख आहे. ती म्हणाली, "हो सर, ठार मूर्ख आहे. मला आवडते ती."

म्हणे आवडते! मी टोपी घातली आणि तडक घरी गेलो. एक अक्षर नाही!

जूनमध्ये मिसेस हेझलेटनी दया येऊन मला व्हरांड्यात खुर्ची दिली, यंत्र बंद पडलंच तर असावा माणूस म्हणून. कबूल करतो, ते बंद पडावं म्हणून मी दोन तास मनापासून प्रार्थना केली, आणि मी काही प्रार्थनेतला माणूस नाही. दाराच्या काचेतून दिसत होतं. ब्रोना कानाला हेडफोन लावून एकच कळ दाबतेय. पुन्हा. पुन्हा. एका प्रश्नाला मी अकरापर्यंत मोजलं आणि मोजणं सोडलं. म्हटलं, गेलं! अकरा वेळा ऐकूनही कळत नाही, पोरगी बुडाली! विल्माची पेन्सिल मात्र कानामागे. समास कोरा.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. 'बी'.

'सी' नाही हो, 'बी'! मी म्हटलं, पेपर सोपा असणार. आयलीन म्हणाली, "असेल हं," आणि ब्रेडला लोणी लावत राहिली.

पुढे सहा वर्षं मी ही तक्रार सांगत फिरलो, जसा आता तुम्हाला सांगतोय. मग गेल्या हिवाळ्यात आमची कुत्री ब्रिडी लंगडायला लागली म्हणून दवाखान्यात नेलं, तर हिरव्या पोशाखात कोण? ब्रोना. ब्रिडीचा पंजा धरून विचारत होती, इथे दुखतं का गं, इथे? पाच वेळा, सहा वेळा, न कंटाळता. मला राहवलं नाही. विचारलं, ब्रोना, खरं सांग, मी नियमाबाहेरचं एक अक्षर तरी बोललो होतो का? मग मला सोडून ते डबडं का?

तिनं पंजा सोडला नाही. म्हणाली, "सर, तुम्ही बोलला नाहीत काही. पण दर वेळी पुन्हा वाचायच्या आधी तुम्ही एक सुस्कारा टाकायचात. मग पुन्हा वाचा म्हणून मला सांगवेना. ती बाई सुस्कारा टाकत नाही."

मी? सुस्कारा? अशक्य! पोरीला भास झाला असणार, परीक्षेत होतात असे भास... पण मी पडलो काळजी करणारा. ब्रिडीला गाडीत तशीच ठेवली आणि थेट विल्माच्या दाराशी जाऊन ब्रोनाच्या परीक्षेची वही मागितली. तिनं काही न विचारता खणातून जुनी वही काढून दिली. टपालखात्यातली बाई, काही टाकून देत नाही. पान उघडलं. तारीख नोव्हेंबरची, म्हणजे आयलीनचंच बरोबर. मजकूर स्वच्छ: "वाचकाने नियमाबाहेर एकही शब्द उच्चारला नाही." आणि शेजारी समासात रेघा. वर बारीक अक्षरात लिहिलेलं, सुस्कारे.

मी मोजल्या. तेवीस. पुन्हा मोजल्या. तेवीस.

विल्मानं कानामागची पेन्सिल काढली, माझ्या हातातली वही घेतली आणि समासात आणखी एक रेघ ओढली.