पाकीट संपलं का?

संशोधक : पुन्हा सांगा, सावकाश. निळ्या पाकिटातले केक कोण खात होतं?

काका : ही.

संशोधक : आणि पांढऱ्यातले?

काका : मी.

काकू : मग झालं तर. बरोबरच आहे की.

संशोधक : काकू, बरोबर असतं तर तुमच्या दोघांच्या रक्तातली चरबी जुळ्या भावंडांसारखी आली नसती. सात आठवडे वेगवेगळं दिलंय. तुमच्या केकात थंडीत गोठणारं तेल, यांच्यात पातळ राहणारं. फरक दिसायलाच हवा.

काकू : मशीन चुकलं असेल.

संशोधक : तीनदा लावलं.

काका : पण निळ्याचा केक टाळूला चिकटायचा, हे खरं.

संशोधक : काका, निळ्याची चव तुम्हाला कशी माहीत?

(काका चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसतात.)

काकू : बोला आता. शिंप्याने स्वतःचं तोंड शिवलंय वाटतं.

काका : अर्धा-अर्धा करायचो.

संशोधक : कधी?

काका : रोज. दोन्ही केक, बरोबर मधोमध, दोऱ्याने. सुरीने चुरा पडतो. दोन अर्ध्यांत केसाएवढा फरक निघाला तर सांगा.

संशोधक : फरकच तर हवा होता मला.

काकू : चिडू नका हो. चवीत बदल म्हणून केलं यांनी.

संशोधक : आणि हा फॉर्म? हा तुम्हीच भरलाय ना? ऐका.

फॉर्म : आज पाकीट संपलं का? हो. आज पाकीट संपलं का? हो.

संशोधक : अशी एकोणपन्नास वेळा हो. दोघांची.

काकू : संपलंच होतं. खोटं कुठे लिहिलं?

संशोधक : काकू, तुमच्या पोटातून सुईने चरबी काढली आम्ही. चार दिवस कुशीवर वळता आलं नाही तुम्हाला. कशासाठी?

काकू : तुम्हीच सांगितलं होतं. जनुकांवरच्या खुणा बघायला.

काका : मी समजावलं होतं हिला. कापड तेच राहतं, वर खडूची रेघ. रेघ असेल तसं शिवलं जातं. खाल्लेल्या तेलाने रेघ हलते का, एवढंच बघायचंय.

संशोधक : एवढंच. आणि हललेली परत जागेवर येते का. इतकं समजलं होतं, तरी अर्धा-अर्धा?

काका : तुम्ही पहिल्या दिवशी काय म्हणालात, आठवतं?

संशोधक : बरंच काही म्हणाले असेन.

काका : म्हणालात, दोन्हींपैकी एक तेल कदाचित यकृताला बरं नसेल, कुठलं ते आत्ता सांगता येणार नाही. आणि निळं पाकीट हिच्या हातात दिलंत.

संशोधक : चिठ्ठी टाकून दिलं होतं, काका. आणि धोका समजावून सही घेतली होती.

काका : सही केली की. पण जे काही असेल ते एकटीच्या वाट्याला का?

काकू : अहो. मला म्हणालात, चवीत बदल.

काका : चवीतही बदल होताच.

काकू : एकोणपन्नास दिवस? एका शब्दाने बोलला नाहीत.

काका : बोललो असतो तर तू दोन्ही केक स्वतः खाल्ले असतेस.

संशोधक : गुरुवारी समितीपुढे उभी राहणार आहे मी. तीन वर्षं घातली यात. एकाच घरातली, एकाच चुलीवरचं जेवणारी माणसं मुद्दाम निवडली, म्हणजे बाकी सगळं सारखं आणि तेल तेवढं वेगळं. किती हुशारी वाटली होती मला.

काकू : फॉर्म कोणी लिहिला हा?

संशोधक : मी.

काकू : लग्न झालंय का तुमचं?

संशोधक : त्याचा काय संबंध?

काकू : नाही ना? तरीच. घरात 'संपलं का' विचारलं की संपलंच असतं. 'कोणी संपवलं' असं विचारायचं.

संशोधक : काका, हसू नका.

काका : हसत नाही. बाकीच्यांचं रक्त काय म्हणतं?

संशोधक : अजून लावलं नाही. तुमचं पहिलं. आणखी सतरा जोडपी आहेत.

काकू : त्या सगळ्यांना हाच फॉर्म?

संशोधक : हाच.

काकू : मग इथे बसून कपाळ काय चोळताय? लावा फोन. आम्हालाही ऐकू द्या.

संशोधक : नमस्कार, केकच्या अभ्यासातून बोलतेय. एकच विचारायचं होतं. पाकिटं रोज संपायची ना?

फोनवरची बाई : हो तर. एक तुकडा उरला नाही.

संशोधक : आणि ती... कोणी संपवली?

फोनवरची बाई : कोणी म्हणजे? आम्ही.