मुकादमाच्या मागे सहा मिनिटं

...चालायचंच तर होतं हो! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं खाणीत कोळसा फोडला, अंधारात गुडघ्यांवर रांगलो, आणि इथं दवाखान्याच्या लख्ख कॉरिडॉरमध्ये, सपाट फरशीवर, सहा मिनिटं धड चालता येईना!

म्हणजे झालं काय, आम्हा खाणवाल्यांची राखणदार संत बार्बरा, तिच्या मिरवणुकीत आमच्या खाणकामगारांच्या बँडमध्ये मला झांजा वाजवायच्यात. ट्युबा केव्हाच सुटला... फुंकायला छातीत वारा नको? धूळ भरलीय नुसती. गेल्या साली तर अर्ध्या वाटेत फुटपाथवरच बसलो, डोक्यावर पिसांची टोपी, मांडीवर झांजा, आणि अख्खा बँड मला वळसा घालून गेला. यंदा बँडमास्तर म्हणाला, अलोज, डॉक्टरची चिठ्ठी आण, नाहीतर खिडकीतून बघ. डॉक्टर म्हणाले, सहा मिनिटांत साडेतीनशे मीटर चाल, मग चिठ्ठी. यात अवघड काय? चालायचंच तर होतं!

थेरपीवाल्या कॉर्नेलियाबाईंनी बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, तीस मीटरवर मांडलेले दोन नारिंगी शंकू दाखवले. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पळायचं नाही, बोलायचं नाही, दम लागला तर खुशाल थांबायचं, घड्याळ मात्र थांबणार नाही. निघालो झोकात... आणि सात नंबरच्या खोलीतून काठी टेकत बाहेर कोण? आमचे मुकादम, विल्हेल्म! तेही तिथंच भरती, छाती माझ्यासारखीच. फेऱ्या मारायला निघालेले, मुंगीच्या पावलांनी, नेमके माझ्यापुढे. आता तुम्हीच सांगा, मुकादमाच्या पुढे जायचं? खाणीत आधी मुकादम जाणार, छत ठोकून बघणार, मग आपण... पायांना तेच वळण! राहिलो मागे. बाई आपल्या एका सुरात, “छान चाललंय, अजून चार मिनिटं.” कसलं डोंबलाचं छान? ते खोकायला थांबले, मीही थांबलो. “छान चाललंय, अजून दोन मिनिटं.” भरले किती? दोनशे चार! बाई म्हणाल्या, फार दम लागला का? आता यांना काय सांगणार, कप्पाळ?

अर्ध्या तासानं दुसरी संधी, तीच शेवटची. ही गेली की यंदाही खिडकी. चालायचंच तर होतं... आणि मुकादम पुन्हा पुढ्यात! पण या खेपेला ते थांबले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

“अलोज, पावलं ओळखतो मी तुझी. छत बघितलंय मी, पक्कं आहे. हो पुढे.”

खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. ते भिंतीला सरकले आणि मी जो सुटलो... छातीचा भाता, पोटऱ्यांत गोळे, बाईंचं आपलं “अजून एक मिनिट”... तीनशे एकाहत्तर! चिठ्ठी मिळाली. टोपीची पिसं झटकून ठेवलीत.

पण तो आकडा घरी बायकोला सांगायची मला काय अवदसा आठवली? चार वर्षं आजारी माणसाची सवलत म्हणून दर रविवारी मी अंथरुणात लोळत, उशाशी कॉफी घेऊन, रेडिओवरच प्रार्थना ऐकत होतो. ट्रुडानं भांडी विसळता विसळता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चर्च तीनशे चाळीसवर आहे.”

आता शनिवारीच माझा कोट बाहेर निघतो. दर रविवारी सकाळी सातला पहिल्या बाकावर असतो मी... कुणाला भेटायचं असेल तर या तिथेच.