पिंपांची फळी
कशेळ्याच्या थांब्यावर पुतळाबाई भाजीची पाटी उतरवून एसटीची वाट बघत टेकली होती. पाठीमागं दोन बाप्ये बोलू लागले. कान काही मिटता येत नाहीत.

"कोंडादादा, आज डबा नाय घेतलात?"

"तू काल रजेवर हुतास, धाकल्या. आमा चौघा हमालांना सकाळीच कारखान्यातनं काढलं."

"काढलं? का वो?"

"पिंपं उचलायला आता मान्सं लागत नायत. तुझ्या उतरत्या फळीवरनं आपसूक ट्रकात घरंगळतात."

"मी ती फळी तुमच्या कंबरेसाठी लावली, दादा. रोज कळवळायचात."

"ठावं हाय रं."

"साहेबानं घड्याळ लावून बघितलं, माजी पाठ थोपटली. मला वाटलं, तुमाला आता सुख लागंल."

"किती मान्सं पुरतील, ते नाय इचारलं त्यानं?"

"इचारलं."

"मग?"

"मी छाती फुगवून बोललो, मी एकटा पुरंन."

एसटी आली. पुतळाबाईनं पाटी उचलली. मागनं धाकलाही उठला.

"येतो, दादा. कंबर... कंबर कशी हाय?"

"काल दिसभर दुखली नाय बघ."