बशीकडे बघून ‘ब्यूटिफुल’

मला घुम्या म्हणता ना, पण मुलगी बघायला गेलो तेव्हा मी चक्क इंग्रजीत बोललोय. मी आठवीत शाळा सोडलेली, ती विश्रामबागच्या कॉलेजात शिकलेली. अडाणी वाटू नये म्हणून आठवडाभर एकच शब्द पाठ केला, ब्यूटिफुल. माझे मास्तर भावजी बजावत होते, "बाईमाणसाला म्हण, देखाव्याला म्हण. खायच्या जिनसाला न्हाई."

पलूसला त्यांच्या घरी तिनं पोहे आणून दिले. मला मान वर करवेना. बशीकडे बघतच म्हणालो, "ब्यूटिफुल."

तिची आई म्हणाली, "आवं पावणं, पोहे शेजारच्या वैनींनी केल्यात."

मुलगी हळूच म्हणाली, "एकदा वर बघून म्हणा की."

वर बघितलं आणि मला मराठीसुद्धा सुचेना. शेवटी माझा होकार भावजींनीच सांगितला.