दांडा, दोन पिना आणि अर्लिन

—अहो अहो, थांबा! दोन गाड्यांच्या मधे उभं राहायचं नसतं. बायको छोटी गाडी पुढं घेतेय आणि तुम्ही मधे — तिचा पाय जरा घसरला की तुमच्या गुडघ्याचा भुगा. इकडं या, बाजूला. आणि ओरडू नका हो तिच्यावर. हातानं खुणा करा. डावा हात हलवला — थोडं डावीकडं. मूठ आवळली — थांब. झालं. ओरडलात की सगळी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर येते. इथं या वाळवंटातल्या गाडीतळावर, थंडी चुकवायला आलेल्या म्हाताऱ्यांत, संध्याकाळी टीव्ही कोण बघतो? आत राहायच्या मोठ्या घरगाडीमागं ओढायला छोटी गाडी जोडणारं जोडपं बघायचं, बीअर प्यायची. मी नाही का आलो खुर्ची घेऊन! मी व्हर्न टॅकेट. नेब्रास्काचा. ही तुमच्या शेजारची मळकी घरगाडी आमचीच. आमची छोटी? लाल आहे, दोन दारांची. ती अर्लिन घेऊन गेलीय, माझी बायको — बाजारात. येईलच इतक्यात.

तर काय सांगत होतो — दोन गाड्यांमधला दांडा जोडला, पिना घातल्या, साखळ्या लावल्या, दिव्यांची वायर खोचली. मग? मग छोटी न्यूट्रलला टाकायची, हँडब्रेक सोडायचा, किल्ली एवढीशी फिरवून ठेवायची म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं. चारही चाकं रस्त्यावर, गाडी बिचारी मुकाट मागून येते. ट्रेलर नको, काही नको. फक्त एक — मागं घेता येत नाही. काय? नाही हो, हळूसुद्धा नाही. वीतभर मागं घ्यायला जा, छोटीची पुढची चाकं भलतीकडंच वळतात आणि दांडा वाकतो. कुठंही आत शिरायच्या आधी बाहेर पडायला रस्ता आहे का ते बघायचं. नाहीतर भर चौकात उतरा, पिना उपटा, बायकोला छोटी मागं घ्यायला सांगा, मग आपण मोठी मागं घ्या, मग पुन्हा सगळी जोडाजोड. हे सगळं मी तुम्हाला शिकवतोय बरं का! लोका सांगे ब्रह्मज्ञान. हसू नका, सांगतो.

परवा — परवा कसलं, आठवडा होत आला — एका पंपावर शिरलो. अर्लिन म्हणाली, अरे व्हर्न, इथं नको, पुढं भिंत आहे. मी म्हटलं, मला दिसतंय. दिसत नव्हतं. भिंतीला नाक टेकलं. मागं सात-आठ गाड्या, सगळे ठोकतायत हॉर्न, पंपावरचा पोरगा हात जोडून उभा. उतरलो. पिना निघेनात. लाथ मारली तर पायच सुजला. अर्लिन म्हणाली, छोटी थोडी तिरकी आहे, ताण पडलाय, मी जरा पुढं घेते. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस. मग तिनं छोटी जरा पुढं घेतली आणि पिना लोण्यातनं आल्यासारख्या आल्या. याचाच जास्त राग आला हो मला. दोन्ही गाड्या बाहेर काढल्या, रस्त्याच्या कडेला पुन्हा जोडल्या, ती छोटीत, मी बाहेर, एकमेकांशी अवाक्षर नाही. पिना घातल्या, साखळ्या लावल्या, तणतणत पुढं जाऊन बसलो आणि निघालो. बाजूचं दार वाजल्यासारखं वाटलं मला. ती गेली असणार घरगाडीतल्या मागच्या खोलीत, दार लावून पडली असणार रुसून — तशी पडते ती. म्हटलं, पड.

ती मागं होती, अहो. छोटीत.

हसा, हसा! मीही हसलो असतो. मागचं दाखवणारा पडदा आहे ना आमच्याकडं, स्टिअरिंगशेजारी — त्यावर मी माझी टोपी अडकवलेली. का? चमकतो म्हणून! बाईसाहेब हॉर्न दाबतायत, मी म्हणतोय, कोण हा उतावळा? खिडकीतनं हात काढून खूण करतोय, जा बाबा पुढं, जा. एक ट्रकवाला शेजारी आला, हातवारे करतोय, मागं बोट दाखवतोय — मीही हात हलवला, म्हटलं काय प्रेमळ माणूस. गाडी जड जायला लागली. म्हटलं चढ लागला. या सपाट वाळवंटात चढ! ती ब्रेक दाबत होती हो, सगळं अंग टाकून. जळका वास आला तर म्हटलं, कुणीतरी मांस भाजतंय वाटतं, भूक लागली. सांगा, असा नग पाहिलाय कधी?

आणि मी काय करत होतो इकडं? बोलत होतो. मला बोलायला लागतं, तुमच्या लक्षात आलंच असेल. मागच्या खोलीच्या दाराशी बोलत होतो. घराचं काढलं. नेब्रास्कातलं गावचं घर — तिच्या वडिलांनी बांधलेलं, मागं तिनं लावलेली प्लमची झाडं. ते विकून टाकू, म्हटलं. गिऱ्हाईक आलंय. दर हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटतात, वर्षातले सहा महिने कुलूप, कशाला हवा तो जीवाला घोर? ती गप्प. एरवी हा विषय काढला की भांडं आपटते, आणि आज गप्प! मला केवढं बरं वाटलं. म्हटलं, तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. गप्प. म्हटलं, मग धरू का मान्य? गप्प. गप्प म्हणजे कबूल, असं म्हणून मी चालत्या गाडीतनंच दलालाला फोन लावला — दे टाकून, अर्लिनचा होकार आहे. वर तिला म्हटलंही, किती समजूतदार झालीस गं!

इतकं बोललो, इतकं बोललो की घसा सुकला. फळांचं दुकान दिसलं, थांबलो, तिच्यासाठी संत्र्याचा रस घेतला, खोलीचं दार वाजवलं. उघडलं. गादीवर कुणी नाही. माझ्या हातातनं पेला पडला. ही पंपावर राहिली! पर्स नाही, फोन नाही, ऊन हे असं. पळत मागं गेलो, म्हटलं छोटी सोडवतो आणि सुसाट परत जातो — तर ती आत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि ते स्टिअरिंग म्हणे सगळ्या वळणांवर आपोआप फिरत होतं, भूत बसल्यासारखं. मी काच वाजवली. तिनं खाली केली. काय म्हणाली माहितीये? ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, ‘न्यूट्रलला टाकायची विसरला होतास. तेच करत होते मी, तर तू निघालास.’ बघा. माझी चूक निस्तरत होती ती. तिनं ते केलं नसतं तर गिअरबॉक्सचं पीठ झालं असतं.

आता तिथं मी पाय धरायला हवे होते. मी काय केलं? मी म्हटलं, बरं ऐक, घराचा होकार कळवलाय. हात दाखवून अवलक्षण! ती म्हणाली, ‘कुणाला विचारलंस?’ मी म्हटलं, ‘तुलाच की! इतके मैल विचारतच होतो!’ तिनं सीटचा पट्टा लावला. म्हणाली, ‘व्हर्न, पिना काढ.’ काढल्या मी. स्वतःच्या हातानं. या वेळी निघाल्याही झटकन. आणि लाल गाडी गेली निघून.

नाही, बाजारात नाही गेलेली. ते आपलं... तुम्ही नवीन, म्हटलं कशाला. बहिणीकडं आहे ती, टूसॉनला. माझा फोन घेत नाही. इथल्या ऑफिसातल्या बाईंकडं तिनं निरोप ठेवलाय — गुरुवारी दुपारी येते, बोलायचंय. आज गुरुवार. सकाळपासून तीनदा दांडा पुसलाय, ग्रीस लावलंय. येईल आणि जोडेल, का येईल आणि कपडे भरून नेईल, देव जाणे. दलालाला कळवलं मी, सौदा मोडला, मीच मोडला. पण ते तिला सांगणार कसं? फोनच घेत नाही.

खरं सांगू का तुम्हाला? पाइपांचं काही नाही हो. पाइप प्लंबर दुरुस्त करतो. त्या घरात मी गेलो की नुसता म्हातारा असतो. खिडकीत बसतो, पेपरात कोण मेलं ते वाचतो. इथं निदान ड्रायव्हर असतो. कसा का असेना! हे तिला कधी सांगितलं नाही. एवढी बडबड करतो, हे नाही सांगितलं. आणि ती रोज संध्याकाळी विचारायची, परत कधी जायचं रे? मी म्हणायचो, सूर्यास्त बघ किती छान. ती तिच्या झाडांबद्दल विचारत होती, मी तिला सूर्य दाखवत होतो. काय म्हणालात? मग सांगा तिला? हो, सांगतो ना, पाठच केलंय सगळं, आधी माफी, मग घर, मग ती म्हणेल तेव्हा परत, मग—

ही धूळ कसली? फाटकाशी. लाल आहे का? माझे डोळे... तुम्हीच बघा. लाल आहे? दोन दारांची? आली. आली हो! तुम्ही निघा आता. नाही, नाही, राग नाही, पण निघा, तुमची बायको केव्हाची बसलीय गाडीत तुमच्या खुणेची वाट बघत. जा. जा म्हणतोय ना!

अर्लिन. अगं ऐक, मी काय म्हणतो, ते घर — नाही. नाही, हे बघ, मिटलं तोंड.

बोल तू.