नमुन्याचं हृदय

(प्रशिक्षण केंद्राची खोली. विषय : हृदयाच्या स्नायूंचा आनुवंशिक आजार. तपासणीच्या पलंगावर एक डॉक्टर उघड्या छातीने डाव्या कुशीवर झोपलेले. भोवती वीसेक डॉक्टर उभे. इको मशीनपाशी शिकवणाऱ्या मॅडम, मागे खुर्चीत त्यांचे जुने सर.)

मॅडम : हलू नका हो. आणि पोट आत ओढू नका. मला तुमचं हृदय बघायचंय, पोट नाही.

डॉक्टर : वीस जणांसमोर सदरा काढलाय मॅडम, थोडी तरी अब्रू राखू द्या. आणि हे जेल काय फ्रीजमध्ये ठेवता का?

मॅडम : श्वास सोडा. तसाच धरा. हं, तर बघा सगळ्यांनी. सकाळी आपण आजारी हृदयं पाहिली. आता निरोगी हृदय डोळ्यांत साठवून घ्या. नॉर्मल पाठ असलं, तरच बिघाड नजरेला खुपतो.

डॉक्टर : सत्तेचाळीस वर्षांचं आहे, पण एकाच मालकाने वापरलेलं.

मॅडम : हसू-हसवू नका, छातीवरचा प्रोब हलतो. हा डावा कप्पा. ही झडप, उघडतेय, मिटतेय. आणि ही दोन कप्प्यांमधली भिंत. हिची जाडी आपण सकाळी... सकाळी आपण...

सर : काय झालं, मॅडम?

मॅडम : काही नाही. कोन बदलते. डॉक्टर, जरा माझ्याकडे वळा. हात डोक्याखाली घ्या.

डॉक्टर : वळलो. सापडलं का हृदय? बायको म्हणते, मुळातच नाहीये.

मॅडम : चष्मेवाले डॉक्टर, तुम्ही या पुढे. भिंत मोजा बरं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. किती आली?... एकवीस मिलिमीटर? नाही, नाही. तिरकी मोजलीत तुम्ही. नवीन हात असला की होतं असं. पुसून टाका तो आकडा. असं करू, पंधरा मिनिटं चहा घेऊ. सर, तुम्ही या सगळ्यांना खाली घेऊन जाता का?

डॉक्टर : आत्ता तर जेवून आलो आपण!

सर : चला हो मंडळी. चहाला नाही म्हणू नये. दार ओढून घेतो मी.

मॅडम : तुम्ही थांबा, डॉक्टर. उठू नका.

डॉक्टर : मला चहा नाही होय?

मॅडम : मला अजून दोन बाजूंनी बघायचंय. श्वास सोडा.

डॉक्टर : त्याने तिरकी मोजली नव्हती ना?

मॅडम : बोलू नका, चित्र हलतंय.

डॉक्टर : मॅडम, मीही डॉक्टर आहे. तो कर्सर मला इथून दिसत होता. सरळ लावला होता त्याने.

मॅडम : हो. सरळ लावला होता.

डॉक्टर : मग त्या बिचाऱ्याला सगळ्यांसमोर खोटं का पाडलंत?

मॅडम : कारण तुमच्या छातीवर वीस जणांचे डोळे होते. मला दुसरं काही सुचलं नाही. आता जोर करा. शौचाला करतो तसा. धरा... सोडा. पुन्हा एकदा.

डॉक्टर : किती?

मॅडम : एकवीस. कुठे कुठे बावीस.

डॉक्टर : रक्तदाब आहे मला. सहा वर्षं गोळी चालू आहे. त्याने भिंत जाड होतेच की. तुम्हीच सकाळी सांगितलंत.

मॅडम : सांगितलं. आणि पुढे काय सांगितलं?

डॉक्टर : आता काय माझी तोंडी परीक्षा घेणार?

मॅडम : पुढे काय सांगितलं, डॉक्टर?

डॉक्टर : रक्तदाबाने जाड होते ती सगळीकडून सारखी. आणि एवढी सहसा होत नाही.

मॅडम : मान वळवून बघा. मागची भिंत दहा, असावी तेवढीच. ही मधली एकवीस. आणि तुम्ही जोर केलात की ही झडप ओढली जाऊन रक्ताच्या वाटेत येतेय. तुमच्या घरात कुणी अचानक गेलंय का?

डॉक्टर : ते जेल पुसायला काही द्या आधी.

मॅडम : हा घ्या कागद. गेलंय का कुणी?

डॉक्टर : सदरा कुठे टाकला मी?

मॅडम : डॉक्टर...

डॉक्टर : वडील. एकोणचाळिसाव्या वर्षी. मास्तर होते. शाळेच्या खेळांच्या दिवशी मास्तरांची शर्यत असायची, शंभर मीटर. मी अकरा वर्षांचा. दोरीपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. पहिले आले असते. वीसेक पावलं राहिली होती तेव्हा पडले. सगळ्यांना वाटलं, पाय अडखळला. पोरं हसली. मी पण हसलो.

मॅडम : आणखी कुणी?

डॉक्टर : आत्या. बत्तीस वर्षांची. झोपेतच गेली. आजी म्हणायची, आमच्या घराण्याला कुणाची तरी दृष्ट लागलीय.

सर : आत येऊ का? खाली सगळे त्या एकवीसवरच अडून बसलेत. तो चष्मेवाला हट्टाला पेटलाय, म्हणतो मी बरोबर मोजलं. बघू दे मला ते चित्र... हं. हट्ट खरा आहे त्याचा.

मॅडम : सर, तुम्ही बाहेर थांबता का जरा?

डॉक्टर : राहू द्या त्यांना. झाकली मूठ उघडलीच आहे आता.

सर : कितीदा सांगितलं तुला, नमुना म्हणून माणूस झोपवायच्या आधी त्याला एकट्यात बघून घ्यावं. निरोगी दिसतो म्हणून निरोगी धरायचं नाही.

मॅडम : माझं चुकलं, सर. ठरलेला माणूस आला नाही, आणि यांनी हात वर केला. डॉक्टर, मला माफ करा. हे तुम्हाला असं कळायला नको होतं.

डॉक्टर : हात का वर केला, विचारा ना.

मॅडम : का?

डॉक्टर : सकाळी तुम्ही फळ्यावर त्या कुटुंबाची वंशावळ काढलीत. गेलेल्यांचे चौकोन काळे केलेत. मागच्या रांगेत बसून मी वहीत आमची काढली. तुमच्यापेक्षा माझीच जास्त काळी झाली. माझ्या दवाखान्यात दहा वर्षं ईसीजीचं मशीन आहे, मॅडम. हजारो छात्यांना तारा लावल्या. स्वतःला एकदाही नाही. कपाटात साप आहे हे माहीत असलेला माणूस कपाट उघडतो का? आज म्हटलं, हसतखेळत, चारचौघांत उघडून टाकू. तुम्ही 'बघा, नॉर्मल' म्हणाल आणि मी घरी जाईन.

सर : दम लागतो?

डॉक्टर : वजन वाढलंय म्हणायचो.

सर : आपण दुसऱ्याची समजूत घालतो ना, तशीच स्वतःचीही घालतो. डॉक्टर झाला म्हणून माणूस सुटत नाही.

मॅडम : आता नीट ऐका. हा आजार म्हणजे फाशीची शिक्षा नव्हे. यातले बहुतेक लोक म्हातारे होतात, नातवंडांना ओरडतात. औषधं आहेत. गरज पडली तर छातीत बसवायचं यंत्र आहे. तुमच्या वडिलांच्या वेळी यातलं काही नव्हतं. उद्या सकाळी मी स्वतः तुमच्या सगळ्या तपासण्या करते. मुलं किती तुम्हाला?

डॉक्टर : सदऱ्याचं बटण तुटलं बघा.

मॅडम : मुलं?

डॉक्टर : एक. लेक. चौदा वर्षांची.

मॅडम : तिला बघितलंय कुणी? इको? साधा ईसीजी तरी?

डॉक्टर : बघू. येत्या आठवड्यात आणतो.

मॅडम : खेळते का काही?

डॉक्टर : पोहते.

मॅडम : मजेसाठी?

डॉक्टर : नाही. आज निवड आहे तिची. दोनशे मीटर.

सर : आज? किती वाजता?

डॉक्टर : तीनला.

मॅडम : दोन पन्नास झालेत!

डॉक्टर : ठणठणीत आहे हो पोरगी. बापाकडून उतरण्याची निम्मी शक्यता, तुम्हीच सांगितलं सकाळी. म्हणजे निम्मी नसण्याचीही आहे. अडीच मिनिटांची शर्यत. दोन वर्षं त्या अडीच मिनिटांसाठी घालवलीत तिने. होऊन जाऊ दे. संध्याकाळी मी स्वतः घेऊन येतो तिला, हवं तर इथेच आणतो.

मॅडम : तिला कधी दम? छातीत दुखणं? चक्कर?

डॉक्टर : नाही.

मॅडम : चक्कर, डॉक्टर?

डॉक्टर : नाही म्हटलं ना!

सर : तुम्ही इथे कसे आज? लेकीची निवड असताना बाप दिवसभर वर्गात बसतो?

डॉक्टर : मला शर्यत बघवत नाही.

सर : बरं. साहजिक आहे. पण मॅडमनी विचारलं त्याचं उत्तर राहिलं.

डॉक्टर : एकदा. गेल्या महिन्यात. सराव संपवून पाण्याबाहेर आली आणि काठावरच कोसळली. क्षणभरच. मी तिथे गेलो तेव्हा उठून बसली होती, हसत होती. मी म्हटलं, सकाळी काही खाल्लं नव्हतंस. केळं दिलं. बायको म्हणाली, कुणाला तरी दाखवू या. मी म्हटलं, मी कोण आहे मग?

मॅडम : फोन लावा.

डॉक्टर : मॅडम, तिची वर्षं...

मॅडम : आजोबा पळताना गेले. आत्या-आजी झोपेत गेली. बापाची भिंत एकवीस. आणि पोर दमल्यावर कोसळलीय. हे सगळं तुमच्या टेबलावर परक्या मुलीचं म्हणून आलं असतं, तर काय सल्ला दिला असता तुम्ही?

डॉक्टर : फोन सदऱ्याच्या खिशात होता कुठेतरी.

मॅडम : पाण्यात पडली तर काठावर पडल्यासारखी उठून बसायची नाही ती. लावा फोन. नाहीतर नंबर द्या, मी लावते.

डॉक्टर : नको. मीच लावतो. बायको आहे तिच्यासोबत... उचलत नाहीये.

सर : पुन्हा लावा.

डॉक्टर : हॅलो! कुठेयस तू?... ती कुठाय?... रांगेत? तिला बाहेर काढ. पाण्यात उतरू देऊ नकोस... नाही गं, थट्टा नाही करत... कुणाला काही झालेलं नाही, पण ऐक. मागे चक्कर आली ना तिला, ती चक्कर उपाशी पोटामुळे नव्हती. मी चुकीचं सांगितलं तुला... हो. माझ्या बाबांसारखं. इथे आत्ता मॅडमनी बघितलं, मला आहे... अगं, मग रड, आधी पळ! पंचांना सांग, मास्तरांना सांग, कुणालाही सांग. फोन बंद करू नकोस.

मॅडम : काय म्हणतायत?

डॉक्टर : पळतेय. चपलांचा आवाज येतोय नुसता. ओली फरशी असते तिथे... शिट्टी वाजली.

सर : कसली शिट्टी?

डॉक्टर : माहीत नाही. लोक ओरडतायत. हॅलो? हॅलो!

मॅडम : बसा. खाली बसा तुम्ही.

डॉक्टर : हॅलो! ऐकू येतंय का?... हो... हो. हात धरलायस? नक्की?... आधीच्या गटाची होती शिट्टी. बाहेर आहे ती. कोरडी आहे.

सर : हे पाणी घ्या.

डॉक्टर : दे तिच्याकडे फोन... का?... काय म्हणाली?... असू दे. जबरदस्ती करू नकोस. टॉवेल गुंडाळ तिला. नंतर करतो मी.

मॅडम : बोलली नाही?

डॉक्टर : म्हणाली, बाबांना सांग, माझ्याशी कधीच बोलू नका. तिची जागा रिकामी ठेवून बाकीच्या सात जणी उतरल्यात पाण्यात.

मॅडम : ती कदाचित अगदी निरोगी निघेल. मग तिचा राग माझ्यावर काढायला घेऊन या तिला.

डॉक्टर : निघू दे, मॅडम. जन्मभर शिव्या देऊ दे मला.

सर : मी खाली जाऊन आजचं सत्र संपलं म्हणून सांगतो.

डॉक्टर : थांबा. बोलवा त्यांना वर.

मॅडम : कशाला? तुम्ही घरी जा.

डॉक्टर : मागच्या रांगेत सकाळी चौघे मोबाईल बघत होते. त्यांचे दवाखाने माझ्यासारखेच आहेत, रांग लागलेली, एकेकाला तीन मिनिटं. पळता पळता पडलेलं पोर आलं की तेही केळंच देणार. वीस वर्षांत मी किती जणांना दिलं असेल, कोण जाणे. या चित्राखाली माझं नाव लावा. आकडा, वंशावळ, केळं, सगळं सांगा. आणि त्या चष्मेवाल्याची माफी मागा.

मॅडम : मागते. पण पुन्हा जोर करायला लावणार नाही मी तुम्हाला. चित्रं साठवलेली आहेत. तुम्ही नुसते बसा.

सर : जातो मी. जिना चढायला वेळ लागतो हल्ली, तेवढ्यात सदऱ्याची बटणं लावा.

डॉक्टर : मॅडम, फोन वाजतोय. बायकोचाच आहे. हॅलो?

लेक : मी आहे.

डॉक्टर : बाळा...

लेक : मी बोलत नाहीये तुमच्याशी. फक्त विचारतेय. आई म्हणते, तुम्हाला पण आहे ते. खरंय?

डॉक्टर : खरंय.

लेक : आजोबांसारखं?

डॉक्टर : हो. पण आता औषधं आहेत, बेटा. इथल्या मॅडम फार हुशार आहेत. उद्या तुलाही बघतील. दुखत नाही त्यात, गार जेल लावतात फक्त.

लेक : दुखण्याचं विचारलंच नाही मी. तिथे कोण आहे तुमच्याजवळ?

डॉक्टर : मॅडम आहेत. आणि आता वीस डॉक्टर येतायत वर.

लेक : मग तिथेच बसा. गाडी चालवत येऊ नका, आम्ही येतोय न्यायला.